गुरुदेवांच्या जन्मांचा पडताळा

असं समज, की तू चंद्रपुरातल्या एका माडीवर सतरंजीवर मांडी घालून बसला आहेस. रविवारची दुपार कलती झाली आहे. खाली गफ्फारभाईंचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि तिथल्या भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात, कारण जी बरोबर चालतात ती लोक घरी घेऊन जातात. त्यांची टिकटिक लाकडी तक्तपोशीतून वर येते आणि मांडीला हलकेच लागत राहते. समोरच्या भिंतीवर एक तसबीर आहे. लांब केस, तांबूस दाढी आणि असे डोळे, की तू खोलीत कुठंही बैस, ते तुझ्याकडेच पाहतात. तसबिरीखाली एक म्हातारे गुरुजी गोष्ट सांगताहेत, आणि गोष्ट ऐकता ऐकता तुझ्या शेजारची मुलगी हात वर करते. बस, इतकंच समज. ह्यापुढचं समजायची गरज नाही, ते घडून गेलेलं आहे.

त्या मुलीचं नाव खुशबू, आणि ती लहानू गुरुजींची सख्खी नात. बोलण्याआधी हात वर करायची सवय गुरुजींनीच लावलेली होती. ती उभी राहिली, फ्रॉक खाली ओढला आणि म्हणाली, "आबाजी, मग आमच्या बाळानं मागच्या जन्मी काय केलं होतं?"

प्रश्न एवढाच होता. लहानू गुरुजींनी उभी हयात मुलांचे प्रश्न झेलले होते आणि उत्तर येत नसेल तर "पाहून सांगतो" म्हणायला ते कधी लाजले नव्हते. उलट ते शब्द त्यांच्या आवडीचे होते. त्यात आपण आणि मूल एकाच बाकावर बसतो असं त्यांना वाटे. पण आज ते शब्द तोंडाशी आलेच नाहीत. कारण हा प्रश्न कुठून आला हे त्यांना उभ्या उभ्या कळलं. बाळ म्हणजे खुशबूचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हापासून त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती, जणू ती एकमेकांशी काही कुजबुजताहेत. आणि गेल्या महिन्यात स्वतः गुरुजींनीच खुशबूला वजाबाकीचा पडताळा शिकवला होता. उत्तर आलं की तिथं थांबायचं नाही, उलटं मागं जायचं आणि पाहायचं, सुरुवात जुळते का. पोरगी हुशार. तिनं गोष्टीचा पडताळा घेतला होता.

गोष्ट होती गुरुदेव कूथुमींची. थिऑसॉफीची, म्हणजे ब्रह्मविद्येची, पुस्तकं मानतात, की हा जीव कितीतरी जन्म घेत वर चढत गेला. ग्रीस देशात तो पायथागोरस होता, आकड्यांतून सूर ऐकणारा. आपल्याकडे तो नागार्जुन होता. इटलीत पाखरांना भाऊबहीण म्हणणारा फ्रान्सिस होता. काही पुस्तकं तर त्याला शहाजहानही म्हणतात, आणि गोष्टीत हे आलं की गफ्फारभाईंची नात अदीबा हटकून मध्ये बोलायची, "ताजमहलवाले? वो तो हमारे थे!" सगळी मुलं हसायची. प्रत्येक जन्मात गुरुदेवांनी काही चांगलं पेरलं, ते पुढच्या जन्मी उगवलं, आणि शेवटी अशी वेळ आली, की परत यायची गरजच उरली नाही. सगळं शिकून झालं, दार उघडं झालं. आणि गुरुदेव त्या दारातून मागं फिरले. हिमालयापलीकडं कुठंतरी राहिले, मागून येणाऱ्यांना हात द्यायला. गुरुजी हे सांगताना नेहमी थोडा वेळ थांबत. त्यांच्या सबंध गोष्टीतली त्यांची स्वतःची आवडती जागा ती होती. पण खुशबू तिथवर आलीच नव्हती. चांगलं पेरलं तर उजेड उगवतो, हे तिनं पाटीवर मांडलं होतं, आणि उलटं जाऊन पाहिलं होतं, की आत वळलेली पावलं उगवली असतील तर काय पेरलं असेल.

खालची घड्याळं ऐकू यायला लागली. मग अदीबा, शेजारणीला धीर द्यावा तशी, म्हणाली, "हमारे में ऐसा नहीं होता. हमारे में सब एकही बार आते." गुरुजींनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं त्यांना पाण्याचा पेला दिला. "आज इथंच थांबू," ते म्हणाले, आणि वर्ग वेळेआधी सुटला.

जिन्याखाली गफ्फारभाई डोळ्याला भिंग लावून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "का गा गुरुजी, आज लवकर? तुमचे गुरुदेव सुट्टीवर गेले का?"

"गेले नाई, गफ्फारभाई. अडकले."

"मंग ठेवून जा इथी. अडकलेले सगळे माह्याच दुकानात येते."

गुरुजी हसले, पण हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. खुशबूचं बोट धरून ते बसस्टँडवर आले. भद्रावतीची गाडी लागलेलीच होती. त्यांचा मुलगा प्रफुल तिथल्या आयुध निर्माणीत कामाला, राहायला कॉलनीतलं क्वार्टर. स्वतःची बायको वारल्यापासून गुरुजीही तिथंच राहत. खुशबूला खिडकी मिळाली. गाडी हलली, थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या एका बाजूला सरकत गेल्या, रस्त्याकडेची झाडं कोळशाच्या धुळीनं काळवंडलेली, कुठल्या झाडाचं पान कसं तेही ओळखू येईना. दोन हजार दोन सालचा हिवाळा होता आणि पडोलीच्या पुढं वारा अंगाला लागायला लागला. गुरुजींनी आपलं उपरणं तिच्या डोक्याला गुंडाळलं.

"तुले हे कोनं सांगतलं व, बाळाचं?"

"कोनी नाई. मीच काढलं."

मीच काढलं. गणित काढावं तसं. तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता, आणि तोच गुरुजींना जास्त लागला. "मंग काय निघालं?" त्यांनी विचारलं.

खुशबूनं खिडकीच्या गजावर बोट फिरवलं. "त्यानं कोनाचे तरी पाय तोडले असतील," ती हळूच म्हणाली. "म्हणून मी त्याच्याजवळ जात नाई. आईले नको सांगू."

तर असं होतं. बाळ पायांना प्लास्टर घालून दवाखान्यातून घरी आल्यापासून खुशबूनं आपली गोधडी आजोबांच्या खोलीत आणली होती. प्लास्टरचा वास येतो म्हणे. सून कमला सगळ्यांना सांगायची, "पोरगी जळून राह्यली भावावर, दुसरं काई नाई," आणि हसायची. पण मागच्या आठवड्यात दूध उतू चाललं तेव्हा कमलानं "जरा धर याले" म्हणून बाळ पुढं केलं, तर खुशबूनं धावत जाऊन गॅस बंद केला आणि बाळाला हात लावला नाही. त्या दिवशी कमला हसली नव्हती. ती बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात बसली होती, आणि गुरुजींना वाटलं होतं, होईल सगळं ठीक, पोर लहान आहे. आता गाडीच्या धक्क्याधक्क्यानं त्यांना कळत होतं, की लहान पोर एवढे दिवस एका पाप्यासोबत एका घरात राहत होतं, आणि त्याची पापं तिला शोधून देणारी रीत आपण शिकवली होती. आणि उद्या हीच रीत ते बाळ शिकेल. बहिणीनं आपल्याला हात का लावला नाही ह्याचा पडताळा तेही घेईल.

गुरुदेवांचा राग यावा, असं त्यांना एक क्षण वाटलं. राग आला नाही. इतक्या वर्षांचं देणं त्या तसबिरीशी होतं, की रागाला बसायला जागाच नव्हती. नागभीडकडचा एक रोड पोरगा मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी चंद्रपुरात आला होता, खोलीवर दिवा नव्हता म्हणून वाचायला उजेड शोधत हिंडत होता. ह्याच माडीवर तेव्हा एक म्हातारे वकील बसत. थिऑसॉफीवाल्यांचं वाचनालय ते सांभाळत. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हातात एक पुस्तक दिलं आणि म्हणाले, "माझे डोळे गेले. मोठ्यानं वाच." लहानूनं वाचलं. त्याआधी त्याला कुणी मोठ्यानं वाच म्हणून सांगितलं नव्हतं. गावच्या शाळेत तो मागं बसायचा आणि ओठ हलवत वाचायचा. त्या संध्याकाळी स्वतःचा आवाज भिंतीवर आपटून परत येताना त्यानं पहिल्यांदा ऐकला, आणि त्या आवाजात गुरुदेवांचे जन्म होते. नागार्जुनाचं पान आलं तेव्हा तो अडखळला. रामटेकच्या बाजूला नागार्जुनाचं नाव घेतात हे त्यानं ऐकलं होतं, आणि ह्याचं आडनाव रामटेके. मोठमोठ्या लोकांच्या फोटोत मागच्या रांगेत एखादा आपल्या घरचा चेहरा दिसावा, तसं झालं. वकीलसाहेब म्हणाले, "थांबलास का? वाच." तो वाचत राहिला. पुढं मास्तर झाला, बदल्या झाल्या, बाप झाला, आजा झाला, तरी आतून तो अजून तेच पान वाचत होता.

त्याच्या बापाला मात्र हे पान पटलं नव्हतं. लटारू रामटेके छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला माणूस. घरातले देव त्यानं स्वतः टोपल्यात भरून नदीत सोडले होते. पोरानं सुट्टीत येऊन गुरुदेवांचं नाव काढलं, तेव्हा लटारू धानाची रोपं लावून बांधीतून आलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल, ओट्यावर बसून पाय धूत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "राजा बी तोच, साधू बी तोच, गणिताचा मास्तर बी तोच. मंग आमच्यासंगं रोवणा कराले कोन येत होता गा?" त्यानं दुसरा पाय पाण्याखाली धरला. "नागार्जुन आपला होय, तेवढा ठेव. बाकीचे ज्याचे त्याले देऊन टाक." आणि पाय पुसता पुसता, आवाज न चढवता, तो जे बोलला ते लहानूच्या कानात कायमचं राहिलं. "माह्या बापाले सांगत, मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या जन्मी गावाबाहेर राह्यतं. त्यानं मानलं. त्याच्या बापानं मानलं. मी एका दिवसात तो मागचा जनम फेकून आलो. तू काऊन उचलून आनतं?" मग भात वाढला गेला, दोघं जेवले, भांडण असं झालंच नाही. मरायच्या आधी एकदा मात्र लटारू हसत म्हणाला होता, "तुह्या गुरुदेवले सांगून ठेव, मी परत येनार नाई. एकदा आलो तेवढं बस झालं." गुरुजींना तेव्हा तो विनोद वाटला होता. आता, नातीच्या डोक्यावरचं उपरणं सारखं करताना, त्यांना वाटलं, बापानं ज्या दारातून हे भूत बाहेर काढलं, त्याच दारातून आपण ते चांगले कपडे घालून, पाहुणा म्हणून, आत आणलं. बापाला हे कळलं होतं आणि तरी त्यानं आपलं ताट बाजूला केलं नव्हतं. उशिरा का होईना, लटारूचा तो संयम त्यांना आज कळला.

गाडी थांबली, दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या, वांग्यांचा आणि घामाचा वास आला. खुशबू खिडकीबाहेर बघत होती. तिला उत्तर हवं आहे हे तिच्या पाठीवरूनही दिसत होतं. बाळानं काही केलं नाही असं सांगावं, तर ती विचारणार, मग गुरुदेवांनी केलं ते कसं? तिच्या पाटीवर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी होते. आणि गुरुजींच्या मनात, त्यांनी न बोलावताच, भामरागडकडचा पाऊस यायला लागला.

नव्वदच्या पुढची ती वर्षं होती. भामरागडपलीकडच्या माडिया आदिवासींच्या एका गावात त्यांची बदली झाली होती. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की मागं रस्ता उरत नसे, म्हणून बाकीचे मास्तर नदी भरायच्या आधी रजा टाकून जात आणि दिवाळीच्या सुमाराला परत येत. लहानू गुरुजी थांबत. कुणी कारण विचारलं तर "पोरं आहेत ना" म्हणत. खरं कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते: कुणीतरी उघड्या दारातून मागं फिरलेला आहे, एवढ्या एका गोष्टीवर ते थांबत. असंच एकदा, पाऊस दिवसचे दिवस धरून बसलेला असताना, चैतू नावाचा त्यांचा विद्यार्थी भिजत आला. आई बाळंत झाली, आजी म्हणते नाळ कापायला गुरुजीकडं दाढीचं नवं पातं असेल तर घेऊन ये. गुरुजी पातं, आयोडीन आणि एक धुतलेलं धोतर घेऊन गेले आणि कुडाच्या भिंतीबाहेर वळचणीला उभे राहिले.

आत बाळ रडत होतं आणि दूध घेत नव्हतं. चैतूची आजी रुखमा, तीच सुईण. तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि एक नाव उच्चारलं. थांबली. बाळ रडत राहिलं. दुसरं नाव. पुन्हा थांबली. "हे काय चाललं आहे?" गुरुजींनी चैतूला विचारलं. "आमच्या घरातले मेलेले लोक हायेत," चैतू म्हणाला, जसं काही दप्तरातली पुस्तकं सांगतो आहे. "कोन परत आला, पुसून राह्यली. ज्याचं नाव घेतलं आन पोरगं दूध प्यालं, तो आला." रुखमा नावं घेत गेली. पावसाचा आवाज, रडणं, नाव, रडणं. आणि मग एका नावाला बाळ गप्प झालं आणि आईला बिलगलं. रुखमानं त्याचं अंग चाचपलं. त्या घरात माणूस गेला की त्याच्या अंगावर काजळाचं बोट लावत, परत आला की ओळखू यावा म्हणून; तशी काही खूण दिसते का ते ती पाहत होती. तिचा हात पायाशी आला आणि थांबला. बाळाचं एक पाऊल आत वळलेलं होतं.

गुरुजींच्या मनात लगेच शब्द तयार झाले, मागचा जन्म, भोग, पेरलं ते उगवतं. सगळे चांगल्या पुस्तकांतले शब्द. आत मात्र रुखमा हसायला लागली होती. मग सून हसली, मग कोपऱ्यातल्या शेजारणी. रुखमा पदरानं डोळे पुसत त्या तान्ह्या जीवाला माडिया बोलीत काहीतरी फडाफडा बोलत सुटली, आणि तो सूर गुरुजींना भाषा न समजताही ओळखू आला. बायको नवऱ्याला रागावते तो सूर होता. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं. चैतूही हसत होता. "माहा आजा झाडावरून पडला होता, लंगडाच चालत होता मरेपर्यंत. आजी म्हंते, लंगड्या, मेला तरी चाल सुधारली नाई तुही. एवढ्या पानीपावसात आला, पन घर बरोबर सापडलं तुले."

घर बरोबर सापडलं. वळचणीचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि गुरुजी तसेच उभे होते. जन्माची गोष्ट अशीही सांगता येते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इथं कुणी वर चढत नव्हतं आणि कुणी खाली ढकललं जात नव्हतं. जो गेला त्याला घरची आठवण आली, एवढंच. नदी उतरल्यावर त्यांनी स्वतः बरोबर जाऊन त्या पोराला पलीकडच्या दवाखान्यात नेलं, पट्ट्या बांधल्या गेल्या, पाऊल कामापुरतं सरळ झालं. हसण्यानं हाड सरळ होत नाही हे रुखमालाही ठाऊक होतं. पण तोवर आणि त्यानंतरही तो पोरगा दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कमरेवर असे. त्याला खाली ठेवलेलं गुरुजींनी क्वचितच पाहिलं.

त्यांनी हे सगळं खुशबूला सांगितलं. नेहमीसारखं रंगवून नाही. गाडीचा आवाज मोठा होता आणि त्यांचा लहान, म्हणून तिच्या कानाशी वाकून. ती वळून बसली होती. रुखमाच्या बोलण्याला ती खुदकन हसली, मग लगेच गंभीर झाली.

"मग आपल्याकडे कोन आलं?"

उत्तर ओठांवर होतं. लटारू आला, तुझा पणजा आला, असं म्हणायचा अवकाश, पोरगी घरी जाऊन बाळाला उचलून घेणार होती. किती सोपं होतं. पण लटारूनं निक्षून सांगितलं होतं, मी येणार नाही. जन्मभर ज्या गोष्टीला नाही म्हटलं, त्याच गोष्टीत मेल्यावर बापाला ओढून आणायचं, तेही त्याच्याच पणतीला फसवायला, हे गुरुजींच्यानं होईना. आणि रुखमाची गोष्ट रुखमाच्या घरची होती. उसनी आणून कशी चालेल?

"कोनी नाई आलं, माय," ते म्हणाले. "नवा आहे तो."

"नवा म्हंजे?"

"म्हंजे कोरा. त्याच्या मागं काईच नाई. त्यानं अजून चांगलं बी केलं नाई आन वाईट बी नाई. करायले वेळ कुठी भेटला त्याले? दूध पेते आन झोपते."

"मग पाय?"

"पोटात जागा कमी पडली असन, नाईतर आनखी काई असन. डॉक्टरलेबी नीट माहीत नाई. मले तं नाईच नाई."

भद्रावतीच्या अलीकडची वळणं आली, गाडी कलली, खुशबू आजोबांच्या अंगावर आली आणि तशीच टेकून राहिली. "मग गुरुदेवांचं सगळं खोटं?" तिनं विचारलं. आवाज रडवेला होता, कारण तसबिरीतले ते डोळे तिलाही आवडत असत.

गुरुजींना वाटलं होतं, हा प्रश्न येईल तेव्हा आपल्या आत काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. फार दिवस डोक्यावर घेतलेली मोळी खाली ठेवली की मान जशी क्षणभर आपोआप वर जाते, तसं झालं. पायथागोरस, फ्रान्सिस, ताजमहालवाला बादशहा, सगळे तिथंच रस्त्याकडेला उतरले, आणि गुरुजींनी मनातल्या मनात प्रत्येकाला हात जोडले. त्या सगळ्यांनी एका मागं बसणाऱ्या पोराला मोठ्यानं वाचायला लावलं होतं. त्यांचं काम त्यांनी केलं होतं.

"खोटं का खरं, मले माहीत नाई," ते म्हणाले. "मले आवडलं म्हणून मी धरून बसलो. पन त्यातलं एक मी ठेवनार. त्यायले जाता येत होतं, आन ते मागं थांबले. तेवढं मी ठेवतो. बाकीचं तू तपास. पटलं तं घे, नाईतर सोड."

"तपासू?"

"तपास. मी शिकवलं ना तुले."

घरी पोचले तेव्हा अंगणात उजेड होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाला नागपूरला न्यायचं होतं, नवं प्लास्टर घालायला, म्हणून जुनं आजच भिजवून काढायचं होतं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. प्रफुल ड्यूटीवर. कमला न्हाणीघराच्या दारात पाट टाकून, घमेल्यात कोमट पाणी घेऊन बसली होती. बाळ तिच्या मांडीवर उताणं, दोन्ही पाय मांडीपासून बोटांपर्यंत पांढरे, पाण्यात बुडालेले. तिच्या कपाळावर केस चिकटले होते. "आले का, बाबा?" ती म्हणाली. "पाहा ना, टोकच सापडून नाई राह्यलं. मागच्या वेळी गाठ ठेवली होती डॉक्टरनं, या वेळी ठेवलीच नाई. कुठून सोडवू? जोर लावला का रडते." तिचा आवाज फाटायला आला होता. तिनं खुशबूकडं पाहिलंच नाही. पाहून काही होत नाही, हे तिनं ह्या काही आठवड्यांत शिकून घेतलं होतं.

गुरुजी चष्मा लावून खाली बसले. त्यांची बोटं जाड. ओल्या प्लास्टरवर नुसती घसरत होती. बाळ ओठ काढून रडायच्या बेतात होतं. खुशबू उंबऱ्याशी उभी होती, डोक्याला अजून उपरणं. गुरुजींनी तिच्याकडं पाहायचं टाळलं. गोष्ट सांगून झाल्यावर मुलाच्या तोंडाकडं पाहू नये, त्याला उत्तर घाईनं द्यावं लागतं, हे ते पोरापोरींना शिकवता शिकवताच शिकले होते. ते घमेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिले. पाणी दुधासारखं पांढरं होत चाललं होतं. मनातल्या मनात ते लटारूला, रुखमाला, त्या आंधळ्या वकिलाला, हिमालयापलीकडच्या त्या मागं फिरलेल्याला, सगळ्यांना एकदमच म्हणाले, तुम्ही दिलंत ते सगळं पोरीला देऊन झालं, आता माझ्याकडं काही नाही.

"आई, सरक," खुशबू म्हणाली.

ती ओल्या फरशीवर तशीच बसली. फ्रॉक भिजला. तिनं बाळाचा डावा पाय पाण्यातून उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि नाक जवळ नेऊन, पाटीवरची बारीक अक्षरं पाहावी तसं ते प्लास्टर वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग घोट्याच्या मागं, जिथं कमलाचा हात पोचत नव्हता, तिथं नख घातलं आणि पट्टीचं टोक वर उचललं. खुशबूनं हळूच ओढलं, पट्टी सुटायला लागली, वेढ्यामागून वेढा, पांढरं पाणी तिच्या मांडीवरून वाहत होतं. बाळानं रडायचं सोडून तिच्याकडं डोळे लावले. शेवटचा वेढा निघाला आणि आतून ते पाऊल बाहेर आलं, सुरकुतलेलं, फिकट, वासाचं, अजून जरासं आत वळलेलं. खुशबूनं ते मुठीत धरलं. मूठ तशीच थोडा वेळ राहिली.

"पानी थंडं झालं, आबाजी," ती आजोबांकडं न पाहता म्हणाली. "गरम आना."

गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले. ते गॅसवरचं पातेलं घेऊन परत आले, तोवर खुशबूनं तो पाय आपल्या कोरड्या बाहीनं पुसून आईच्या हातात दिला होता, आणि दुसरा पाय मांडीवर घेऊन त्याचं टोक शोधायला लागली होती.